चिमणी पडली, घारी राहिल्या: होटगी रोडजवळच्या एका उकिरड्याचं प्रकरण

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की पहिल्यांदा चिमणीच आठवते, पाखरू नव्हे, साखर कारखान्याची, विमानाच्या वाटेत उभी असलेली. किती वर्षं तो वाद चालला, मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी 15 जून 2023 ला ती पाडली, ते बघायला लोक गच्च्यांवर उभे होते. मग 29 सप्टेंबर 2024 ला विमानतळाचं उद्घाटन झालं, 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, 15 ऑक्टोबरला मुंबईचं. सगळं चांगलंच झालं, मलाही लई आनंद झाला. पण चिमणी एका जागी उभी होती, नकाशावर होती, तिची उंची पायलटला आकड्यात माहीत होती. घार नकाशावर नसते, आणि तिच्याबद्दल आपल्या गावात कोणी मोर्चा काढलेला मी तरी बघितला नाही.

मी निवृत्त शिक्षक, शाळेत विज्ञान शिकवायचो, राहायला विमानतळापासून सायकलवर दहा-बारा मिनिटांवर. माझा भाचा पायलट आहे, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनशेजारचा दुसरा पायलट, एटीआर हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान चालवतो. तो मागच्या आखाडात दोन दिवस सुट्टीवर आला होता. सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आलाच नाही म्हणून मी वर गेलो, तर हा कप तसाच हातात धरून वर बघत उभा, चहावर साय आलेली. मला म्हणाला, "मामा, ह्या घारी रोज एवढ्या असतात का इथं?" मी म्हटलं असतील की, इतकी वर्षं राहतोय पण मोजल्या नाहीत कधी. तो म्हणाला, मोजा. त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून मोजल्या, एका वेळी आकाशात 23.

इथून हे प्रकरण सुरू झालं.

आधी भाच्याचा अनुभव सांगतो, कारण तो ऐकला नसता तर मी पुढचं काहीच केलं नसतं. विमानतळाचं नाव नको, सोलापूर नाही एवढंच. टेक-ऑफ होता, विमान हाच चालवत होता, कॅप्टन शेजारी. चाकं जमिनीवरून सुटली, ती वर आत घेतली, दोन-तीनशे फूट झाले असतील आणि समोर उजवीकडून काहीतरी काळं आलं. तो म्हणतो, पक्षी आहे हे डोक्यात यायच्या आधी आवाज आला. धप्प. जसं कोणी भिंतीवर ओली गोणी फेकावी. त्या क्षणी पायलटनं काय करायचं असतं, तर काहीच नाही, म्हणजे वळायचं नाही, घाबरून नाक खाली-वर करायचं नाही, विमान सरळ चढवत राहायचं आणि मग गेज, म्हणजे समोरचे काटे बघायचे, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर ठीक आहे का, इंजिन थरथरतंय का, जळल्याचा वास येतोय का. एकानं उडवायचं, दुसऱ्यानं बघायचं. ह्यांचं सगळं ठीक निघालं, तरी टॉवरला सांगून परत येऊन उतरले, कारण बाहेर किती लागलंय ते आतून दिसत नाही. उतरल्यावर बघितलं तर पंखाच्या पुढच्या कडेला परातीएवढा पोचा आणि रक्त, पिसं चिकटलेली. घार होती. प्रवाशांपैकी अर्ध्यांना काही कळलंच नव्हतं, ते उशीर झाला म्हणून वैतागले होते. भाचा म्हणाला, मामा, दोन हात डावीकडे असती तर काचेवर आली असती.

मी सवयीनं फळ्यावरचं गणित केलं. घारीचं वजन पाऊण किलो ते किलो धरा, आपण 800 ग्रॅम घेऊ. एटीआर उतरताना साधारण 115 नॉटनं येतं, म्हणजे ताशी 210 किलोमीटरच्या आसपास, सेकंदाला 59 मीटर. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, उत्तर येतं 1400 ज्यूलच्या जवळपास. पोरांना कळेल असं सांगायचं तर वीस किलो ज्वारीचं पोतं सात मीटरवरून, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून खाली टाकलं तर जेवढा दणका बसेल तेवढा, आणि तो सगळा हातभर जागेत. मोठं जेट चढताना 250 नॉटला असताना हीच घार लागली तर दणका पावणेपाच पट, कारण वेगाचा वर्ग होतो. पक्षी तोच, वजन तेच.

आणि वेळ किती मिळतो? हवेतली घार शंभर-सव्वाशे मीटरवर आल्यावर नीट ओळखू येते असं भाचा म्हणतो. 59 मीटर सेकंदाला. दोन सेकंद झाले. त्यात तो उतरण्याच्या तयारीत, नजर धावपट्टीवर आणि गेजवर. लोकांना वाटतं रडारवर पक्षी दिसत असतील. पायलटसमोरचं रडार पाऊस, ढग बघायला असतं, घार त्याच्यावर भरवशानं दिसत नाही. लँडिंग लाइट लावतात, त्यानं पक्ष्याला विमान लवकर दिसावं ही अपेक्षा. काच तापवलेली ठेवतात, ती बर्फ-धुकं जमू नये म्हणून तर असतेच पण गरम काच थोडी लवचिक राहते आणि पक्षी आपटला तर कमी तडकते, हे मला नवीन होतं. मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच चार पौंडाचा, म्हणजे 1.8 किलोचा पक्षी झेलेल अशी तपासूनच पास करतात. पण ते एका पक्ष्याचं झालं. थव्याचं काय?

थव्याचं 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कला झालं, हंसासारख्या मोठ्या गीज पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला आणि कॅप्टन सलनबर्गरनी 155 माणसांसकट विमान नदीवर उतरवलं, सगळे वाचले, ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडचं जवळचं उदाहरण पाटण्याचं, 19 जून 2022, दिल्लीला निघालेल्या बोइंगच्या डाव्या इंजिनात पक्षी गेला, खालून लोकांना आग दिसत होती, कॅप्टन मोनिका खन्ना यांनी ते इंजिन बंद करून एका इंजिनावर 185 प्रवाशांना परत पाटण्यात उतरवलं. पाटण्याची धावपट्टी तशीही आखूड. आणि 29 डिसेंबर 2024 ला दक्षिण कोरियातल्या मुआनला 181 पैकी 179 माणसं गेली, तिथं धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधावर विमान आपटलं ही मोठी गोष्ट होतीच, पण सुरुवात पक्ष्यांपासून झाली, दोन्ही इंजिनांत बदकांची पिसं सापडली.

पण मला झोप लागू दिली नाही ती ह्यापैकी एकानंही नाही, 4 ऑक्टोबर 1960 च्या बोस्टननं. चार पंख्यांचं टर्बोप्रॉप विमान, एटीआरच्या जातीचंच म्हणायचं, उडाल्यावर काही सेकंदांत स्टार्लिंगच्या थव्यात शिरलं, इंजिनं दगा देऊ लागली, विमान पाण्यात गेलं, 72 पैकी 62 माणसं मेली. स्टार्लिंग म्हणजे किती मोठा पक्षी? मूठभर. ऐंशी-नव्वद ग्रॅम. आणि आपल्या सोलापूरकरांना हा पक्षी परका नाही, त्याची बहीण दर हिवाळ्यात आपल्याकडे येते, भोरड्या! ज्वारी हुरड्यात आली की हजारांनी उतरतात, संध्याकाळी आभाळात धुरासारखे थवे वळतात, शेतकरी माळ्यावरून गोफण फिरवतो, आपण मोबाईलवर व्हिडिओ काढतो. मीही काढलेत. मला भोरड्या अतिशय आवडतात, अजूनही आवडतात, पण विमानतळाच्या आजूबाजूला ज्वारीची रानं आहेत आणि पहाट-संध्याकाळ हीच ह्यांची जायची-यायची वेळ, हे दोन्ही एकत्र कधी डोक्यात आलंच नव्हतं. त्या बोस्टनच्या अपघातानंतरच इंजिनात पक्षी गेला तर काय व्हायला हवं त्याच्या चाचण्यांचे नियम आले.

असो, भोरड्या हिवाळ्यापुरत्या. आमचं प्रकरण घारींचं.

घारी कशाला येत होत्या

भाचा परत गेला आणि मी रोज सकाळी साडेआठ ते नऊ गच्चीवर बसायला लागलो, वहीत लिहायचं एकच, एका वेळी आकाशात जास्तीत जास्त किती. गल्लीतली नववीतली दोन पोरं पण आली मदतीला. पहिल्या दहा-बारा दिवसांत 18 ते 27. मग श्रावण लागला आणि आकडा घसरला, आठ, सहा, एकदा तर तीनच. पोरं लगेच म्हणाली सर कळलं, श्रावणात लोक मटण खात नाहीत म्हणून! मी म्हटलं थांबा, पावसाळ्यात घारी तशाही पांगतात, त्यामुळं पाऊस का श्रावण हे यावरून ठरत नाही. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र यातून जाऊ दिलं, दसऱ्यानंतर आकडा परत वीसच्या वर गेला तेव्हा आम्ही वार बघितले. ऋतू तोच, ऊन तेच, फक्त वार वेगळा. सोमवारी सकाळी 24, 26, 22. शुक्रवारी सकाळी 9, 11, 8. आता बोला. रविवारी आख्खं सोलापूर मटण-चिकन आणतं, बुधवारी त्याच्या खालोखाल, आणि गुरुवारी बरेच जण पाळतात, म्हणून शुक्रवारची सकाळ रिकामी. घारी आमच्यासाठी नव्हत्याच, त्या रविवारच्या उरलेल्यासाठी होत्या.

सोमवारी सायकल काढून घारी जिथं खाली उतरतात तिथं गेलो. रस्त्याच्या कडेला मोकळा प्लॉट, बाभळी, आणि पिसं, आतडी, कोंबड्यांची मुंडकी, पाय, काही पिशव्यांत, काही तशीच. कुत्री सात-आठ. वास असा की नाकाला रुमाल लावूनही उलटी यावी. वर घारी गोल फिरतायत, खाली येऊन उचलून परत वर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नऊ-साडेनऊला ऊन तापलं की ह्याच घारी पोट भरून तापलेल्या हवेवर पंख न हलवता वर वर जातात, शंभर, दोनशे, तीनशे मीटर. विमान उतरताना ज्या रेषेनं येतं त्या रेषेपासून तो प्लॉट फार लांब नाही. विमान-पक्ष्यांच्या बहुतेक धडका अशाच कमी उंचीवर, विमानतळाच्या आसपास होतात, तीस हजार फुटांवर नाही.

इथं कायद्याचं एक सांगतो. 1937 च्या विमान नियमांतला 91 वा नियम असा होता की विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायची, सोलायची नाहीत, पक्षी-प्राणी येतील असा कचरा टाकायचा नाही. म्हणजे हा विचार काही आजचा नाही. 2016 चे घनकचरा नियम तर म्हणत होते की कचरा डेपो विमानतळापासून 20 किलोमीटर लांब हवा, फारच अडचण असेल तर परवानगी घेऊन 10 ते 20 च्या मध्ये. दहा किलोमीटर म्हणजे सोलापूरच्या हिशोबानं किती, तर सिद्धेश्वर मंदिर, स्टेशन, बाजार, आपलं जवळपास सगळं गावच आत आलं. त्यामुळं "विमानतळवाल्यांनी बघावं" हे वाक्य मला पटत नाही. भिंतीच्या आत गवताची उंची राखणं, पाणी साचू न देणं, फटाके, आवाजाच्या तोफा, पक्षी हाकणारी माणसं, हे सगळ्याच विमानतळांवर करतात. पण हाकलेली घार भिंतीबाहेर पोट भरत असेल तर अर्ध्या तासात परत येणारच.

आणि घारीला मारायचा तर प्रश्नच नाही, कायद्यानंही नाही आणि माझ्या मनानंही नाही. तिनं काय वाईट केलं, आपण टाकलेलं ती उचलते. एका शेजाऱ्यांनी सुचवलं होतं की विष घालू, त्यांना मी स्पष्ट सांगितलं की असं काही केलंत तर तक्रार करणारा पहिला मी असेन.

काय केलं, काय जमलं, काय फसलं

पहिल्यांदा अर्ज केला. फोटो लावले, आकडे लावले, नियम लिहिला. संबंधित ऑफिसात दोन चकरा, मग आणखी एक, पोच मिळाली, पुढं काही नाही. त्यावर जास्त लिहीत नाही, त्यात शिकण्यासारखं काही नाही.

मग आम्ही मटण-चिकनच्या दुकानदारांकडे गेलो आणि इथं माझा अंदाज साफ चुकला होता. मला वाटायचं दुकानदार बेफिकीर. पाच दुकानं होती, पैकी सगळ्यात जुन्या दुकानातले चाचा म्हणाले, "सर, गाडी येते सकाळी आठला, माझा कचरा होतो दुपारी एक ते रात्री नऊ. रात्रभर दुकानात ठेवला तर सकाळी गिऱ्हाईक पायरी चढत नाही. तुम्हीच सांगा कुठं टाकू?" खरंच आहे की! कचरा रात्रीचा, गाडी सकाळची, मधले अकरा तास त्या प्लॉटचे. पाचही जण हेच बोलले. मी त्यांना भाच्याची गोष्ट सांगितली, मोबाईलवर पंखाच्या पोच्याचा फोटो दाखवला. चाचा बराच वेळ तो फोटो बघत होते, मग विचारलं, "किती माणसं होती आत?" मी म्हटलं सत्तरच्या आसपास. त्यांचा स्वतःचा मुलगा मुंबईला नोकरीला, दिवाळीत विमानानं आला होता. त्यानंतर इतर चौघांशी मला बोलावंच लागलं नाही, चाचाच बोलले.

एक जण म्हणाला, एक माणूस आहे, सगळं फुकट उचलून नेतो, तळ्यात माशांना घालतो. ऐकायला बरं वाटलं पण चौकशी केली तर ते थाई मांगूरचं निघालं, त्या माशाला पाळायला बंदी आहे, आणि घाण एकीकडून उचलून तळ्यात टाकायची हे कुठलं शहाणपण. नको म्हटलं. शेवटी ठरलं असं, प्रत्येक दुकानात झाकणाचे दोन ड्रम, आणि रात्री साडेनऊला एक छोटा टेम्पो, जो हे सगळं प्रक्रिया होते तिथं पोचवेल. टेम्पोचं भाडं पाच दुकानांत वाटून, पहिल्या महिन्याचं आम्ही गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून दिलं. प्लॉटची साफसफाई एका रविवारी आम्हीच केली, हातमोजे, मास्क, चुना. पोरांना घेतलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर टेम्पो सुरू झाला. पहिल्या सोमवारी आकडा 21! माझा जीवच गेला. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मामा, त्यांना सवय लागलीय, त्या येऊन बघणार, मिळालं नाही की जाणार, धीर धरा. दुसऱ्या सोमवारी 16, तिसऱ्या 9, चौथ्या 5. शुक्रवार-सोमवारचा फरक मिटला तेव्हा मला खात्री पटली.

पण सगळं सांगायचं तर हेही सांगावं लागेल, घारी हवेत विरघळल्या नाहीत. त्यातल्या काही नक्कीच दुसऱ्या उकिरड्यावर गेल्या, डिसेंबरात मला तसा एक सापडला, दुसऱ्या बाजूला, विमानतळापासून जवळजवळ तेवढाच लांब. म्हणजे आम्ही एका बाजूचा धोका कमी केला आणि थोडा दुसऱ्या बाजूला ढकलला, किती ते मोजायला तिथं गच्ची नाही. दुसरं, आमच्याच घरात ही रोज सकाळी कबुतरांना ओंजळभर ज्वारी टाकायची, सासूबाईंपासूनची रीत, शंभरेक कबुतरं जमायची. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं झालं, सोपं नव्हतं, तिच्यासाठी ते पुण्य आहे. आता चिमण्यांसाठी दाराशी वाटीभर पाणी आणि मूठभर तांदूळ ठेवते, गच्चीवर काही टाकत नाही. तिसरं, कुत्री. खायला मिळालं नाही की ती भिंतीखालच्या नाल्यांतून आत शिरायचा प्रयत्न करतात, आणि धावपट्टीवर जनावर येणं ही काही लहान गोष्ट नाही, 2014 च्या नोव्हेंबरात सुरतला टेक-ऑफ करणाऱ्या विमानाच्या इंजिनाला म्हैस लागली होती. त्याचं आमच्याकडे अजून उत्तर नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला भाचा परत आला. सकाळी आम्ही दोघं गच्चीवर, ह्या वेळी चहा गरम असतानाच प्याला. 4 घारी. त्यातली एक जोडी मोबाईल टॉवरवर काटक्या नेत होती, घरटं चाललं होतं. लांब रानाच्या बाजूला भोरड्यांचा एक थवा उठला, वळला, परत बसला. तो बघत म्हणाला, हे असं आम्हाला समोरून दिसतं तेव्हा काळ्या जाळीसारखं दिसतं. त्या बाजूच्या शेतकऱ्यांशी बोलून थवे कधी उठतात-बसतात त्याची वेळ लिहायला घेतलीय, वीस दिवसांची झाली की विमानतळावर नेऊन देणार आहे.

मागच्या आठवड्यात टेम्पोचा क्लच गेला. गॅरेजवाला म्हणाला चार दिवस, लागले सहा. शनिवार आणि रविवार दोन्ही रात्री ड्रम भरून वाहिले, चाचांनी झाकणावर दगड ठेवले होते पण बाकीच्यांपैकी दोघांनी परत प्लॉटवर नेऊन टाकलं. सोमवारी सकाळी मी मोजल्या, 19. आज भाड्यानं दुसरा टेम्पो बघायला चाललोय, जास्तीचे पैसे कोणी द्यायचे ते संध्याकाळी चाचांच्या दुकानात ठरवायचंय.